बेडरूममधला एकच पॉइंट

सुनंदा,

तुझ्या पुण्यानुमोदनाले बम लोकं आले होते वं. अंगणवाडीतल्या सगळ्या बाया आल्या, कुहीवरून तुझे दोन्ही भाऊ आले, जरीपटक्यातल्या आपल्या कूलरच्या दुकानासमोरचा चहावाला टपरी बंद करून आला. भंतेजींची वंदना झाली अन् मंग एकेक जण उठून बोलला. तू कशी होती, पोट्ट्यायले कसा जीव लावत होती, कोणाच्या अडचणीले कशी धावत होती. शेवटी माईक माझ्या हातात दिला. गिऱ्हाइकाशी एका पंपापायी अर्धा तास भांडणारा माणूस मी, पण तोंडातून शब्द निघाला नाही. लोकायले वाटलं, दुःखात आहे बिचारा. दुःखात तं होतोच. पण जे बोलायचं होतं ते मांडवात बोलण्यासारखं नव्हतं, अन् दुसरं काही बोललो असतो तं खोटं झालं असतं. माईक मी तुझ्या भावाच्या हातात दिला अन् खाली बसलो.

म्हणून आता लिहून राहिलो. मयुरी म्हणे, "बाबा, आईवर चार ओळी लिहा, पण जरा शुद्ध लिहा." पोट्टी पुण्यात नोकरीले लागली तेव्हापासून तिले आपलं बोलणं खटकते. पण अठ्ठावीस वर्षांत मी तुझ्याशी शुद्ध कधी बोललो का? आता बोललो तं तू म्हणशील, हा कोण पाहुणा आला बाप्पा.

तुले ते मशीन नकोच होतं. अंगणवाडीत खिचडी वाढता वाढता तू पडली, मोठ्या दवाखान्यात नेलं, अन् डॉक्टर म्हणाले की हृदय मोठं झालं, पंपिंग कमी झालं, ठोके कधीही बिघडू शकतात. बिघडले म्हणजे हृदय रक्त ढकलत नाही, नुसतं थरथरते, अन् माणूस पाच मिनिटांत जाते. त्याच्यासाठी खांद्याच्या हाडाखाली काडेपेटीहून जरा मोठी एक वस्तू बसवायची. ठोका बिघडला की ती आतूनच झटका देते अन् ठोका जाग्यावर आणते. मी लगेच हाव म्हटलं. तू म्हणाली, "मले नाही बसवायचं. तुमचे कूलर पाहिले मी. दरवर्षी मार्च आला की एकही चालू होत नाही." डॉक्टर हसले. मी नाही हसलो. तुले मी शपथ घातली, मयुरीले फोन करून रडायले लावलं, तुझ्या भावाले कुहीवरून बोलावलं. तिघांनी मिळून तुले गप केलं. तू सही करताना माझ्याकडे पाहून म्हणाली, "बिघडलं तं दुरुस्त तुमालेच करा लागेल, सांगून ठेवतो." तू चिडली की स्वतःले 'सांगतो', 'जातो' म्हणत होती, कुहीच्या तुझ्या बापासारखी.

पहिला झटका आठवते का? गच्चीवर तू मुंगवड्या टाकून राहिली होती अन् मी मागं टाकीचा बॉल बदलून राहिलो होतो. एकदम तुझा आवाज आला. पाहतो तं तू हात छातीशी धरून बसली होती, अन् मुंगवड्याचं पीठ सगळं लुगड्यावर. माझ्याकडे वळली अन् म्हणाली, "काहून मारलं मले?" तुले वाटलं मी पाठीमागून दणका घातला. मी म्हटलं, अवं, मी इकडे टाकीजवळ आहो. तेव्हा दोघांच्याही ध्यानात आलं. बैलानं छातीत लाथ मारावी तसं झालं, असं तू मंग सगळ्यायले सांगत होती. हसत सांगत होती, पण त्या दिवसापासून तू गच्चीवर पाय ठेवला नाही. मी किती वेळा म्हटलं, गच्चीनं झटका दिला का? तू म्हणायची, "तुमाले नाही समजत. तो केव्हा येईल ते माहीत नसते न, त्याची भीती वाटते." मले खरंच समजत नव्हतं. दिवसभर करंटात हात घालणारा माणूस मी, एका झटक्याचं काय ते, असं वाटे.

उशाजवळची ती पांढरी डबी मात्र तुले आवडली. दवाखान्यानं दिली अन् सांगितलं, रोज चालू ठेवायची, अन् उशाजवळच, लांबून तिले ऐकू येत नाही. छातीतलं मशीन दिवसभरात काय झालं ते या डबीले सांगते, डबी दवाखान्यात कळवते. कारण दरवेळी झटका येतोच असं नाही, म्हणे. कधी कधी मशीन बारीक बारीक ठोके देऊन गुपचूप सावरून घेते, माणसाले कळतही नाही. ते वाढले म्हणजे मोठं संकट जवळ आलं असं समजायचं. तू त्या डबीले लोकरीचं कव्हर विणलं, नाव ठेवलं नर्सबाई. झोपायच्या आधी विचारायची, "नर्सबाई जागी आहे का?" मी हिरवा लाइट पाहून म्हणायचो, आहे वं, आहे.

अन् जानेवारीत नर्सबाईनं खरंच काम केलं. सकाळी दहाले दवाखान्यातून फोन आला. काल काकूंचे ठोके तीनदा बिघडले, मशीननं थांबवले, ताबडतोब घेऊन या. तू तं भांडी घासून राहिली होती, तुले पत्ताच नव्हता. गेलो, रक्त तपासलं, पोटॅशियम कमी निघालं, गोळ्या बदलल्या अन् तिसऱ्या दिवशी घरी. तू रिक्षात म्हणाली, "पाहा, कशी चुगली केली तिनं माझी." तेव्हा मले त्या डबीचं मोल समजायले पाहिजे होतं. समजलं पण होतं. म्हणून तं जास्त जळते.

मंग उन्हाळा आला. सगळ्यांचा उन्हाळा वेगळा अन् कूलरवाल्याचा वेगळा. मार्च ते जून चार महिन्यांत वर्षाचं काम. तुले डॉक्टरनं बजावलं होतं, उन्हात जायचं नाही, घाम काढायचा नाही, पाणी-पोटॅशियम गेलं तं ठोके बिघडतात. म्हणून एप्रिलच्या शेवटी मी बेसातल्या आपल्या घरी बेडरूमच्या खिडकीले कूलर लावला. नवी मोटर, नवा पंप, वाळ्याच्या ताट्या मी स्वतःच्या हातानं बांधल्या. पाणी सोडलं, खोलीत वाळ्याचा वास सुटला, तू पलंगावर पडून डोळे मिटले अन् म्हणाली, "हे बरं केलं." अन् बेडरूममध्ये पॉइंट एकच. बिल्डरनं एकच दिला होता. त्याच्यातून मी नर्सबाईची पिन काढली अन् कूलरची लावली.

या हातानं काढली. दुसऱ्या कोणाच्या नाही.

दोन दिवसांत दुसरा पॉइंट काढतो म्हटलं होतं. आधी मल्टीप्लग लावून पाहिला, तो कूलरच्या लोडनं दुसऱ्याच दिवशी वितळला. तू म्हणाली, दुसरा लावा. मी म्हटलं, नाही. माझ्या घरात जुगाड नाही चालणार, नीट नवी वायर ओढून बोर्ड बसवीन. लोकायच्या घरी मी जुगाड करतो का? मंग माझ्या घरी काहून करू? पाहा माझी अक्कल! एवढा भैताड माणूस तुले मिळाला. नीट करायच्या गर्वात मी काहीच नाही केलं. दुकानात बोर्डांचा ढीग पडला होता, वायरची बंडलं होती, ड्रिल माझ्या गाडीवर रोज बेसा ते जरीपटका अन् जरीपटका ते बेसा येत-जात होती. सकाळी निघताना तू म्हणायची, "आज बोर्ड आणा बरं." संध्याकाळी येताना मी म्हणायचो, उद्या. रविवारी करीन. लग्नाच्या ऑर्डरी होऊ दे. अवं, सीझन आहे, समजून घे.

तुझं डोकं गरगरायले लागलं होतं त्या दिवसांत. एकदा पोळ्या लाटताना तू ओटा धरून उभी राहिली. मी पाहिलं. मी म्हटलं, ऊन लागलं असेल, कूलरसमोर जाऊन पड. तू गेली अन् पडली. कूलरची हवा तुझ्या अंगावर अन् नर्सबाई खाली फरशीवर, पिन काढलेली, लोकरीचं कव्हर घालून.

आपलं शेवटचं भांडण तू पडली त्या दिवशी सकाळचंच. तू डबा भरता भरता म्हणाली, "सगळ्या नागपूरले थंड करून राहिले तुमी. घरात हातभर वायर ओढायले होत नाही तुमच्यानं." माझी सटकली. मले एका मंगल कार्यालयात वीस कूलर दुपारपर्यंत लावायचे होते, दोन पंप जळाले होते, पोट्टे कामावर आले नव्हते. मी म्हटलं, "डोकं नको खाऊ वं सकाळी सकाळी! मरून नाही राहिली तू एका डबीपायी!" तू डब्याचं झाकण लावलं अन् माझ्या हातात दिला. वांग्याची भाजी होती. मी ती खाल्ली पण नाही, डबा तसाच परत आला.

दुपारी शेजारच्या कविताचा फोन आला. "भाऊजी, वहिनी पडल्या, त्यांना झटके येऊन राहिले, एकामागून एक. लवकर या." मी कशी गाडी हाणली मले माहीत नाही. घरात आलो तं कविता अन् दोन बाया दारात उभ्या, अन् तू एकटी फरशीवर. कोणी हात लावायले तयार नाही. करंट लागेल म्हणून. मी त्यांच्यावर ओरडणार होतो, अन् तेवढ्यात तुझं अख्खं अंग उडालं. पाहिलं मी. अन् मी काय केलं, माहीत आहे? मी तुझ्याकडे नाही धावलो. मी मेन स्विचकडे धावलो अन् मेन बंद केला.

तीस वर्षांची सवय. माणसाले करंट लागून राहिला तं त्याले हात लावायचा नाही, पहिले मेन बंद करायचा. हेच मी सगळ्या पोट्ट्यायले शिकवलं. डॉक्टरनं आपल्याले किती वेळा सांगितलं होतं, झटका आला तं जवळ बसा, हात धरा, काही होत नाही. ते त्या घडीले डोक्यातून साफ गेलं. कूलर घरघर करत थांबला, खोली गरम झाली, अन् तुले पुढचा झटका आला. त्याचा मेनशी काय संबंध? तो तं तुझ्या छातीत होता. तू डोळे उघडले अन् मले बोर्डाजवळ उभं पाहिलं. तुझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकत नाही. मंग मी आलो अन् तुले मांडीवर घेतलं, पण ते आधीचे दोन-तीन क्षण तू एकटीच होती. ते मले कोणी परत देणार नाही.

अँब्युलन्समध्ये तू शुद्धीवर होती, हेच सगळ्यात वाईट. बेशुद्ध असती तं बरं झालं असतं. झटका आला की तू ओरडायची, मंग दोन मिनिटं शांत, घामानं ओली, अन् तुझी नजर माझ्यावर. पुढचा येणार हे दोघांलेही माहीत. तू माझं मनगट धरलं होतं, त्याच्यावर तुझ्या नखांचे वण अजून आहेत. तू म्हणाली, "अहो, बंद करा न हे. तुमाले येते न सगळं. बंद करा." मी म्हटलं, हाव, करतो, दवाखाना आलाच. काय करणार होतो मी? गावभरचे कूलर, पंखे, पंप मी उघडून नीट केले अन् माझ्याच बायकोच्या छातीतल्या मशीनपुढे माझे हात रिकामे. अन् ते मशीन काही बिघडलं नव्हतं वं. ते त्याचं काम करून राहिलं होतं. बिघडलेलं दुसरंच होतं, अन् त्याची खबर तीन आठवड्यांपासून कोणाले गेली नव्हती.

दवाखान्यात तुले झोपवलं, नळ्या लावल्या, औषधं दिली. दोन दिवस तू झोपूनच होती. मयुरी पुण्याहून आली, तुझ्या पायापाशी बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तू गेली. डोळे उघडले नाही, माझ्याशी भांडली नाही, काही नाही. निरोप घ्यायची जी सोय लोकायले मिळते ती आपल्याले मिळाली नाही. आपला निरोप म्हणजे वांग्याच्या भाजीचा डबा.

मंग ते मशीन काढावं लागते म्हणे. जाळताना त्याची बॅटरी फुटते. काढायच्या आधी एक माणूस त्याच्या कॉम्प्युटरवर ते वाचायले आला. मी अन् मयुरी तिथंच उभे होतो. बराच वेळ तो पाहत राहिला, खाली-वर करत राहिला. मंग म्हणाला, "काकू तीन आठवड्यांपासून त्रासात होत्या. रोज बारीक बारीक चालू होतं, मशीन सावरून घेत होतं. आमच्याकडे काहीच आलं नाही. घरची डबी बंद होती का?"

मयुरीनं माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "आमच्याकडे लाईट फार जाते."

असं बोललो मी, सुनंदा. तुले अजून पांढरं पातळ नेसवलं नव्हतं, अन् मी तुझ्या समोर खोटं बोललो. तो माणूस नुसता 'अच्छा' म्हणाला. मी त्याले विचारलं, डबी चालू असती तं वाचली असती का? तो म्हणाला, "सांगता येत नाही, काका. बोलावलं असतं, औषध बदललं असतं. पुढचं नाही सांगता येत." मी त्याच्यावर खूप वेळ विचार केला. वाचली नसती असं तो म्हणाला असता तं मी झोपलो असतो. वाचली असती म्हणाला असता तं निदान एका बाजूचं झालं असतं. आता मी दोन्हीच्या मधी लटकून राहिलो, अन् असाच राहणार.

पण माझ्या त्या खोट्याचं काय झालं ते ऐक. तुझी पोट्टी तुझ्यासारखीच, हातात घेतलं की सोडत नाही. तिनं ठरवलं की लाईटवाल्यायच्या ऑफिसात तक्रार करायची. पेशंट घरात असताना लाईट जाते म्हणजे काय, माझी आई गेली यांच्यापायी, असं ती फोनवर मैत्रिणींले सांगते अन् रडते. अर्ज तयार केला आहे. परवा म्हणाली, "बाबा, एप्रिलच्या शेवटापासून लाईट कोणकोणत्या दिवशी गेली, किती वेळ गेली, ते एका कागदावर लिहून ठेवा. मी रविवारी येतो अन् घेऊन जातो." बघ, ती पण चिडली की 'येतो', 'जातो'. मी म्हटलं, हाव बेटा, लिहितो.

बोर्ड मी लावला. तुझ्या अस्थी विसर्जन करून, मयुरीले पुण्याच्या गाडीत बसवून आलो त्याच दिवशी. नवी वायर ओढली, भिंतीत नीट पट्टी बसवली, दोन सॉकेट, दोन स्विच. पाऊण तास लागला वं, फक्त पाऊण तास. तीन आठवडे तू मले पाऊण तास मागत होती. मंग नर्सबाईची पिन लावली अन् तिचा हिरवा लाइट लागला. तिले काही माहीत नाही. मी पलंगाच्या तुझ्या बाजूले पाहिलं अन् ढसाढसा रडलो, बाजूच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. कविता दारापर्यंत आली अन् परत गेली.

तुझ्याशी भांडायचं माझं खूप राहिलं आहे. तू चार शिव्या काहून नाही दिल्या मले? त्या सकाळी डबा फेकून मारायचा होता. कूलरची पिन उपसून तूच डबी लावायची होती, अन् मी आलो की म्हणायचं होतं, मरा गरमीत. माझा राग चालवून घेतला तू, सीझन समजून घेतला. तुझ्या त्या समजून घेण्यावर मी अठ्ठावीस वर्षं ऐटीत जगलो, हे मी कधी तोंडानं बोललो नाही. आता बोलून राहिलो तं ऐकायले कोणी नाही. चांगली होती तू, असं सगळे मांडवात बोलले. मी बोललो असतो तं म्हटलं असतं, तिनं माझ्यावर भरवसा ठेवला अन् तिथंच ती चुकली.

मयुरीनं सांगितलं तसा मी काल कागद घेऊन बसलो. वर तारीख टाकायची जागा सोडली. एप्रिलच्या शेवटापासून एकेक दिवस आठवत गेलो. कोणत्या दिवशी कोणाच्या घरी पंप लावला, कोणत्या दिवशी तू बोर्ड मागितला, कोणत्या दिवशी मी उद्या म्हटलं, सगळं आठवलं. लाईट गेल्याचा एकही दिवस आठवला नाही. खोटी तारीख टाकावी म्हणून पेन टेकवला, पण हात पुढे गेला नाही. मंग त्याच कागदावर मी वर तुझं नाव लिहिलं अन् हे लिहायले घेतलं.

रविवारी पोट्टी येईल. बेडरूममध्ये गेली की भिंतीवरचा नवा बोर्ड तिले दिसेल, विचारेल, बाबा, हा केव्हा लावला. तेव्हा मी तिच्या हातात हाच कागद देईन. ती मंग माझ्याशी बोलेल का नाही, मले माहीत नाही. तिले आई नाही, अन् रविवारपासून तिच्यासाठी बाप राहते का नाही, तेही माहीत नाही. पण अर्जात जे लिहायचं ते खरं लिहू दे.

लाईट एक दिवसही गेली नव्हती, सुनंदा. कूलर रोज चालू होता.